उंदीरमामा

यांना तुम्ही भेटला नसाल, पण नाव कानावर आलं असेल. दहा वर्षांच्या लॅपटॉपचं रडगाणं एखाद्या लिनक्सवाल्या मित्रापुढे गायला लागलात, की तो मध्येच तोडून म्हणतो, "एक्सएफसीई टाक त्याच्यावर." पुढचं काही सांगत नाही. त्याच्या लेखी विषय संपलेला असतो.

तर हेच ते एक्सएफसीई. संगणक सुरू झाल्यावर डोळ्यांना जे जे दिसतं, म्हणजे मेनू, पट्टी, घड्याळ, विंडोच्या चौकटी, फोल्डर, मागचं चित्र, त्या सगळ्याला मिळून डेस्कटॉप म्हणायचं. विंडोजमध्ये तो मिळेल तसा घ्यायचा असतो. लिनक्समध्ये निवडायचा असतो. तिथे ग्नोम आणि केडीई ही दोन बडी घराणी. सगळा थाट मोठा, ग्नोमकडे तर दर सहा महिन्यांनी नवी रंगरंगोटी. त्याच गल्लीच्या टोकाला हे राहतात. दारावर उंदराचं चित्र आहे, म्हणून मी यांना उंदीरमामा म्हणतो. उंदीर का ते उघडच आहे. मामा का, तर घरी भांडण झालं की माणूस तरातरा निघतो तो मामाकडे. आणि या मामांच्या दारात आजवर जे आले, त्यांतले बरेचसे कुणावर तरी चिडूनच आलेले आहेत.

सगळ्यांत गाजलेलं भांडण २०११ सालचं. ग्नोमची तिसरी आवृत्ती आली आणि वर्षानुवर्षं हाताला सवयीची झालेली खालची पट्टी, जुना मेनू, अगदी विंडो मिनिमाईज करायचं बटणसुद्धा गायब झालं. हे सगळं तुमच्याच भल्यासाठी, असा एकूण सूर. लोक भडकले. भडकलेल्यांत खुद्द लिनस टोरवाल्ड्स होते, १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहायला घेतलेले. त्यांनी चारचौघांत नव्या ग्नोमचा उद्धार केला आणि आपण एक्सएफसीईवर गेल्याचं जाहीर केलं. कौतुक मात्र बेतानंच केलं: जुन्या ग्नोमच्या मानाने हे एक पायरी खालीच, पण नव्या ग्नोमच्या मानाने कितीतरी वर. पाहुण्याने पहिल्याच घासाला आमटी अळणी आहे म्हणावं, तसलं हे कौतुक. मामांनी वाढणं थांबवलं नाही. पुढे दोनेक वर्षांत टोरवाल्ड्सांचा राग निवळला, ग्नोमलाही हवी तिथे ठिगळं लावता येऊ लागली, आणि ते परत गेले. मामा यावर काहीही बोलल्याचं ऐकिवात नाही.

त्यानंतर डेबियन आलं. डेबियन म्हणजे लिनक्सचा एक तयार संच; एक माणूस नव्हे, अख्खं गाव. २०१३ च्या शेवटी तिथे ठरलं की पुढच्या आवृत्तीत कुणी काही निवडलं नाही, तर आपोआप एक्सएफसीईच बसेल. मामांच्या आयुष्यातला हा मानाचा क्षण. वर्षही झालं नाही तोच, २०१४ च्या सप्टेंबरात, ठराव फिरला आणि मान पुन्हा ग्नोमकडे गेला. त्यामागचं एक कारण मात्र कुणालाही खोडता येण्याजोगं नव्हतं: ज्यांना दिसत नाही त्यांना पडदा वाचून दाखवण्याची वगैरे सोय ग्नोमकडे जास्त पक्की होती. मामा मनाने चांगले आहेत, पण दुसऱ्याचा चष्मा शोधून देणं त्यांना कधी नीट जमलेलं नाही.

मामांचं बालपण उसन्या कपड्यांत गेलं. १९९६ साली ऑलिव्हिए फूर्दां या फ्रेंच प्रोग्रामरने त्यांना जन्माला घातलं, ते सीडीई नावाच्या एका श्रीमंत डेस्कटॉपची नक्कल म्हणून. सीडीई असायचा एचपी, आयबीएम, सन यांच्या महागड्या युनिक्स यंत्रांवर. आपल्या साध्या पीसीवर तसंच काहीतरी दिसावं, एवढीच हौस. सुरुवातीला तर सगळा संसार म्हणजे तळाची एक पट्टी. ती ज्या एक्सफॉर्म्स नावाच्या सामानातून बांधली, त्याच्यावरून नावातली पहिली अक्षरं आली. आणि त्याच सामानाने घात केला. रेड हॅटच्या लिनक्समध्ये जागा मिळावी म्हणून अर्ज गेला, तर उत्तर आलं की एक्सफॉर्म्स मुक्त नाही, सबब प्रवेश नाही.

इथे मामांचा स्वभाव पहिल्यांदा दिसला. वाद नाही, निषेधाचं पत्र नाही. १९९९ मध्ये अंगावरचं सगळं उतरवून जीटीके या मुक्त सामानातून नव्याने उभे राहिले. २००३ मध्ये चौथी आवृत्ती आली, तेव्हा पुन्हा एकदा पहिल्यापासून. तेव्हापासून आकडा चारच आहे. चार पॉइंट दोन, चार पॉइंट चार, असं करत आता चार पॉइंट वीसवर आलेत. पाच म्हणायची त्यांना घाई नाही.

घाई हा शब्दच त्यांच्या कोशात नाही. ४.१२ ही आवृत्ती निघाली २०१५ च्या फेब्रुवारीत. त्यानंतरची, म्हणजे ४.१४, निघाली २०१९ च्या ऑगस्टमध्ये. मधल्या साडेचार वर्षांत किती संसार मांडले गेले आणि मोडले! लोक विचारू लागले, मामा आहेत ना? आणि शेवटी ४.१४ उघडून बघितलं तर सगळं जिथल्या तिथे. तीच पट्टी, तोच मेनू, तेच राखाडी गांभीर्य. डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणतात ते इतकं शब्दशः क्वचितच घडलं असेल. खरं तर त्या काळात आतला प्रत्येक खिळा उपसून जीटीके दोनचा तीन केलेला होता. पाया बदलला आणि भिंतीवरचं कॅलेंडरही हललं नाही. यात किती कसब लागतं हे फक्त घर बदललेल्यालाच कळेल. एक फरक मात्र डोळ्यांना दिसला. पूर्वी सिनेमा बघताना चित्र मध्येच आडवं फाटायचं, वरचा अर्धा हिरो पुढे आणि खालचा मागे. ते बहुतेक ठिकाणी थांबलं.

आता खोड्या. मामा गंभीर दिसतात म्हणून गाफील राहू नका. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याचा एक खेळ ठरलेला असतो. मोकळ्या डेस्कटॉपवर हात ठेवून तो सहज माऊसचं चाक फिरवतो आणि उघडलेल्या सगळ्या विंडो नाहीशा होतात. अर्धं पत्र लिहून झालेलं, तेही नाही. काही गेलेलं नसतं. चाक फिरवल्याने तो दुसऱ्या वर्कस्पेसमध्ये पोचलेला असतो, जिथे अर्थातच काही मांडलेलं नाही. उलटं फिरवलं की सगळं परत. हे त्याला कोण सांगणार? मग तो विंडोच्या मथळ्यावर चाक फिरवून बघतो, तर विंडो गुंडाळून नुसता मथळा उरतो. या दोन्ही सोयी बंद करता येतात. बंद करायचं ठिकाण कळेपर्यंत बहुतेकांना त्यांची सवय लागते, आणि मग दुसऱ्या कुणाच्या संगणकावर बसलं की तेच मथळ्यावर चाक फिरवत राहतात.

कंजूषपणाही आहे. तो दिसतो विंडोच्या कडेला. मामांच्या कित्येक थीममध्ये ही कड फक्त एका पिक्सेलची. विंडो लहानमोठी करायची तर त्या एका पिक्सेलवर माऊसचा बाण नेमका धरायचा. द्रौपदीस्वयंवरातला मासाही याहून मोठा असेल. या एका पिक्सेलवरून जितकी भांडणं झाली, तितकी मोठ्या प्रश्नांवरूनही झाली नसतील. मामांचं म्हणणं असं की, कड धरायचीच कशाला? आल्ट दाबा, विंडोत कुठेही उजवं बटण दाबून ओढा, हवं तेवढं माप करा. आल्ट दाबून डाव्या बटणाने ओढलं की विंडो हलते. हे शिकलेला माणूस पुन्हा कड शोधायला जात नाही, हे खरं. पण घरात शिरायचा उत्तम रस्ता मागच्या दाराने आहे, हे पुढच्या दारावर लिहायला काय हरकत होती?

स्मरणशक्ती मात्र दांडगी, आणि कधीकधी नको तितकी. लॉगआऊट करताना खाली एक छोटी चौकट असते: आत्ताचं सत्र पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू का? अनवधानाने तिथे टिचकी पडली, की मामा ते मनावर घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला की काल रात्री उघडी असलेली तीच टर्मिनल, तेच फोल्डर हजर. परवाही. तेरवाही. तुम्ही रोज बंद करता, ते रोज उघडतात. तुम्हाला वाटतं यंत्र झपाटलं. मामांना वाटतं, तुम्हीच तर सांगितलं होतं.

त्यांचा उजवा हात म्हणजे थुनार, फाईली सांभाळणारा. मेघगर्जनेच्या देवाचं नाव घेऊन आलाय, काम कारकुनाचं करतो. लग्नातले तीनशे फोटो आलेत आणि प्रत्येकाचं नाव कॅमेऱ्याने ठेवलेली निरर्थक अक्षरं, अशा वेळी याला बोलवावं. सगळे निवडून एफ-दोन दाबलं की एक वेगळा तक्ता उघडतो: पुढे काय जोडायचं, क्रमांक कुठून, कुठलं अक्षर काढायचं, सगळं डावीकडे जुनं आणि उजवीकडे नवं असं आधी दाखवतो, आणि मगच हात लावतो. इतकं शहाणं पोर, पण याला चुकीने केलेली गोष्ट मागे घेणं येत नव्हतं. अनडू आणि एकाच विंडोत दोन फोल्डर शेजारी ठेवणं, या दोन्ही गोष्टी तो शिकला ४.१८ मध्ये, म्हणजे २०२२ च्या डिसेंबरात. तोवर फाईल चुकून भलत्या फोल्डरात टाकलीत, तर ती हातानेच परत आणायची. संस्कार होतात म्हणे त्याने.

साधेपणाचा मामांना अभिमान आहे, तो थोडा जास्तच. म्हणून त्यांची हौस कोपऱ्याकोपऱ्यांत लपलेली सापडते. पट्टीवर बसवायला त्यांच्याकडे दोन डोळे मिळतात. खरोखरचे गोल डोळे, बुबुळांसकट. माऊसचा बाण जाईल तिकडे वळून बघत राहतात. उपयोग शून्य. घड्याळही नुसतं घड्याळ नाही: एका रूपात ते दिव्यांच्या ठिपक्यांनी बायनरीत वेळ दाखवतं, एका रूपात नेमकी मिनिटं सांगायला साफ नकार देऊन "सव्वादहा झाले" अशा थाटात मोघम बोलतं. लग्नाला पोचायची वेळ या दुसऱ्या घड्याळावर ठरवलेली बरी.

वेषांतराचीही आवड आहे. जोडीला एक छोटा प्रोग्राम मिळतो, त्यात पट्ट्यांचे तयार साचे असतात. एक जुन्या ग्नोमसारखा, एक मॅकसारखा, दोन विंडोजसारखे. नावं सूचक: मॅकच्या साच्याला ॲपलच्या गावाचं नाव, विंडोजच्या साच्यांना मायक्रोसॉफ्टच्या. पण याचा कळस झाला २०१९ च्या नोव्हेंबरात. संगणकांची सुरक्षा तपासणारे लोक जे काली लिनक्स वापरतात, त्याने तेव्हा ग्नोम सोडून मामांचा हात धरला, आणि सोबत एक खास सोय दिली. ती चालू केली की अख्खा डेस्कटॉप क्षणात विंडोज १० सारखा दिसू लागतो. कॉफीच्या दुकानात बसून काम करताना शेजारच्याला कालीचं काळं रूप दिसून संशय यायला नको, हा हेतू. शेजारचा बघतो, त्याला खालची ओळखीची पट्टी आणि कोपऱ्यातलं ओळखीचं चिन्ह दिसतं, आणि तो पुन्हा आपल्या कॉफीकडे वळतो. मामांनी एखाद्याला मामा बनवलं, तो हा प्रसंग. काली मात्र रागावून आलेल्यांपैकी नव्हतं. ते बघूनसवरून आलं आणि टिकलं.

मामांचा राग काढायचा असेल तर त्यांच्या वजनावर बोला. "हलकाफुलका डेस्कटॉप" ही त्यांची जुनी कीर्ती, आणि ती तशी खोटी नाही. चार जीबी मेमरीच्या यंत्रावर मामा बसले तरी इतरांना पाय पसरायला जागा उरते. पण जीटीके तीन आल्यापासून अंगावर थोडं मांस चढलंय, हे जुने लोक आडून सुचवतात. शिवाय त्यांच्याहून सडपातळ मंडळी कमी नाहीत. एलएक्सक्यूटी आहे. ओपनबॉक्स आहे. डीडब्ल्यूएम नावाचे एक विरक्त आहेत. त्यांनी आपला सगळा कोड दोन हजार ओळींच्या आत ठेवायचं व्रत घेतलंय, आणि त्यांच्याकडे विंडोच्या कडेचा रंग बदलायचा झाला, तर सी भाषेतली फाईल दुरुस्त करून सगळं पुन्हा कंपाइल करावं लागतं. मामांना हे असलं वैराग्य मानवत नाही. रंग बदलायला बटण असावं, पण ते बटण फार उठून दिसू नये, इतकाच त्यांचा संन्यास.

आणि एवढं करून तुम्ही काय करता? ब्राउझर उघडता. एका टॅबमध्ये मेल, एकात व्हिडिओ, एकात बँक, आणि बारा टॅब नंतर वाचू म्हणून. मामांनी जपून वाचवलेली सगळी मेमरी तो एकटा गिळून ढेकर देतो, पंखा घुरघुरायला लागतो, आणि तुम्ही मित्राला फोन करता की, तुझं एक्सएफसीई काही हलकं नाही बुवा. जुन्या यंत्राला तारुण्य देण्याची जी हमी लोक मामांच्या नावाने वाटतात, ती मामांनी स्वतः कधी दिलेली नाही. ते आपल्यापुरतं कमी खातात. पाहुण्यांच्या पंक्तीची जबाबदारी त्यांच्यावर टाकणं बरं नव्हे.

त्यांच्या जुन्या भाडेकरूंचा स्वभाव मात्र त्यांच्याहून तिखट आहे. ४.१६ मध्ये सेटिंगच्या विंडोंचा मथळा आणि बटणं एकत्र करून नव्या पद्धतीची जाड पट्टी आणली. बाहेरच्या माणसाला दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तरी फरक पटकन सापडला नसता. इथे गहजब झाला. ग्नोम होणार काय आता, इथवर बोलणी गेली. शेवटी ज्या जाचाला कंटाळून घर सोडलं, तो जाच मामाच्या ओसरीवर दिसल्यावर माणूस बिथरणारच. पुढच्या ४.१८ मध्ये एक चौकट आली: जाड पट्टी हवी असेल तर टिचकी, नको असेल तर काढा. मामांचं राजकारण हे एवढंच.

अलीकडे पुन्हा वर्दळ वाढलीय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला, आणि विंडोज ११ ला चालेल असा प्रोसेसर आणि टीपीएम चिप नसलेले चांगले धडधाकट लॅपटॉप एका दिवसात म्हातारे ठरले. ते बगलेत मारून जी माणसं लिनक्सकडे निघाली, त्यांतल्या अनेकांना कुणी ना कुणी लिनक्स मिंटची एक्सएफसीईवाली आवृत्ती किंवा झुबुंटू पेन ड्राइव्हवर घालून दिलं. येतात, मेनू कुठाय विचारतात. मेनू जिथे असायचा तिथेच असतो. वाय-फायचं चिन्ह कोपऱ्यात, घड्याळ त्याच्या शेजारी. दोन दिवसांत ती विचारायची थांबतात. मग चाक फिरवतात आणि सगळ्या विंडो जातात.

घराचा प्रश्न तेवढा अवघड आहे. मामा ज्या जागेत राहतात ती म्हणजे एक्स, पडद्यावर चित्र काढणारी जुनी व्यवस्था. तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची आणि अजून तीच चालू आहे. सगळे आता वेलँड नावाच्या नव्या बांधकामात चाललेत. ग्नोमने तर २०२५ मध्ये एक्सवरचं सत्र आपल्याकडून बंदच करून ठेवलं, त्यामुळे थोडे नवे रुसलेले इकडे आले ते आलेच. मामांनी डिसेंबर २०२४ च्या ४.२० मध्ये हलायला सुरुवात केली, प्रायोगिक म्हणून. पट्टी गेली, डेस्कटॉप गेला, थुनार गेला. विंडो सांभाळणारा एक्सएफडब्ल्यूएम मात्र अजून जुन्या जागेत. नव्या जागेत त्याचं काम लॅबडब्ल्यूसी नावाचा बदलीवरचा माणूस बघतो. आणि जुने एक्सचे प्रोग्राम वेलँडमध्येही चालावेत म्हणून एक्सवेलँड नावाचा जो पूल बांधलाय, त्यावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत एक नाव आहे ऑलिव्हिए फूर्दां. नोकरी रेड हॅटमध्ये.